रोजची कौटुंबिक प्रार्थना: मुलांसोबत ती कशी घ्यावी आणि संशोधक तिच्याकडे कसं पाहतो?



पेट, सेट किंवा नेटची तयारी करताना एक प्रश्न जवळपास सगळ्यांना छळतो: "संशोधनाचा विषय आणायचा कुठून?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी स्वतःच्या घरात बघा. जी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडते आणि इतकी सवयीची झालेली असते की तिच्याबद्दल कुणी प्रश्नच विचारत नाही, तीच बऱ्याचदा चांगला विषय असते.

आज आपण अशीच एक गोष्ट घेऊ: ख्रिस्ती घरांत मुलांना घेऊन रोज होणारी कौटुंबिक प्रार्थना. मी स्वतः मराठी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे ही प्रार्थना मला आतून माहीत आहे. शिक्षण मात्र सूक्ष्मजीवशास्त्राचं. म्हणजे "हे तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी सवय लागलेली. हा लेख या दोन्ही बाजूंनी लिहिला आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, भाचे-पुतणे आहेत आणि प्रार्थना घ्यायची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांना काही उपयोगाचं सापडेल. आणि ज्यांच्या घरी ही पद्धत नाही, त्यांना एका साध्या घरगुती गोष्टीचा संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो ते दिसेल.

आधी व्याख्या: कौटुंबिक प्रार्थना म्हणजे नेमकं काय?

संशोधनात पहिलं काम व्याख्येचं. मराठी प्रोटेस्टंट घरांत साधारण असं दिसतं: संध्याकाळी किंवा जेवणाआधी सगळे एकत्र बसतात, एखादं गीत म्हणतात, पवित्र शास्त्रातला एक भाग वाचतात, कुणीतरी त्यावर दोन शब्द बोलतं, मग प्रार्थना होते आणि शेवटी प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. कॅथलिक घरांत, उदाहरणार्थ वसईकडे किंवा गोव्यात, संध्याकाळी रोझरीची म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते. गोव्यात तिला तेर्स म्हणतात. एकीकडे वाचन आणि बोलणं जास्त, दुसरीकडे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ठरलेल्या प्रार्थना जास्त. दोन्हींत मुलं असतात, पण मुलांचं काम वेगवेगळं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पद्धतीची मुळं जुनी आहेत. जुन्या करारात अनुवादाच्या ६ व्या अध्यायात देवाची वचनं मुलांना शिकवायला सांगितलं आहे, आणि तेही घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना. म्हणजे तिथे ठरावीक तासाचा उल्लेख नाही, दिवसभराच्या बोलण्याचा आहे. पुढे १५२९ मध्ये मार्टिन लूथरने लहान प्रश्नोत्तरी लिहिली. त्यात कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवायच्या सकाळच्या, संध्याकाळच्या आणि जेवणाच्या प्रार्थना दिल्या. १६४७ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चने कौटुंबिक उपासनेची एक नियमावलीच मंजूर केली. जो कुटुंबप्रमुख घरी उपासना घेत नाही त्याला आधी खासगीत समज द्यायची, मग मंडळीच्या वडीलजनांसमोर ताकीद द्यायची, आणि तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं, असं त्यात ठरलं होतं.

संशोधकाच्या नजरेने बघा. वडीलजनांना तपासता काय येणार? उपासना झाली की नाही झाली, एवढंच. घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला त्यातून काय मिळालं, हे तपासायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. गंमत अशी की आजच्या अनेक प्रश्नावल्यांतही हाच प्रश्न असतो: "तुमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होते का? रोज / आठवड्यातून काही वेळा / कधीतरी / नाही." पौने चारशे वर्षं उलटली तरी आपण तोच रकाना भरतोय.

रकाना भरला, पण प्रार्थना झाली का?

आमच्या नात्यातल्या एका घरातली गोष्ट सांगते. आजोबा आजारी होते तेव्हा घरातली सगळी मुलं रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. आजोबा गेले. त्यानंतर काही दिवसांनी, वडिलांनी वाचन संपवलं आणि डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "पप्पा, आपण एवढी प्रार्थना केली, तरी आजोबा का गेले?" वडील म्हणाले, "आधी प्रार्थना पूर्ण करू, मग बोलू." प्रार्थना झाली. मग ताटं वाढली, टीव्ही लागला. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही, मुलीनेही नाही.

आता त्या दिवसाची नोंद करा. कौटुंबिक प्रार्थना झाली का? हो. किती मिनिटं? बारा. सगळे हजर होते का? हो. शास्त्र वाचलं का? हो. नोंदवहीप्रमाणे तो दिवस उत्तम. पण त्या मुलीचं काय? तिला एक गोष्ट शिकायला मिळाली: असे प्रश्न या जागी विचारायचे नसतात.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते एवढंच. आपण जे मोजतो ते आणि जे मुलापर्यंत पोहोचतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. घरी प्रार्थना घेणाऱ्यालाही हे कळायला हवं आणि उद्या संशोधन करणाऱ्यालाही. आता यावर अभ्यास काय सांगतात ते बघू.

रूटीन आणि रिच्युअल

कुटुंबशास्त्रात बार्बरा फीज या संशोधिकेचं नाव महत्त्वाचं आहे. २००२ मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कुटुंबातल्या रोजच्या सवयी आणि विधींवरच्या ५० वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यातला एक भेद फार उपयोगी आहे. रूटीन म्हणजे "हे करायचं आहे" म्हणून केलेली गोष्ट: दात घासणं, दप्तर भरणं. झाली की विसरली. रिच्युअल म्हणजे "आपण असे आहोत" हे सांगणारी गोष्ट. ती चुकली तर चुकल्यासारखं वाटतं, आणि मोठेपणी आठवते.

एकच कृती एका घरात रूटीन असते आणि दुसऱ्या घरात रिच्युअल. रात्रीचं जेवण हे त्याचं सोपं उदाहरण. प्रार्थनेचंही तसंच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही घरं सारखी दिसतील. फरक कळायला घरातल्यांनाच विचारावं लागतं की या वेळेचा तुमच्यासाठी अर्थ काय. म्हणूनच फीज आणि क्लाइन यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या कौटुंबिक विधींच्या प्रश्नावलीत "किती वेळा होतं" याच्या जोडीला त्यामागची भावना आणि अर्थ यांबद्दलही प्रश्न आहेत. वारंवारता आणि अर्थ हे दोन वेगळे चल आहेत, हे परीक्षेपुरतं नाही तर कायमचं लक्षात ठेवा.

मुलं ऐकतात की बोलतात?

आपली समजूत अशी असते की धर्माची शिकवण वरून खाली येते. आई-वडील सांगतात, मुलं ऐकतात. बोयाट्झिस आणि जॅनिकी यांनी २००३ मध्ये ही समजूत तपासली. ३ ते १२ वयाची मुलं असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यांनी प्रश्नावली दिली, आणि सोबत दैनंदिनी लिहायला सांगितली: घरात देवाधर्माविषयी बोलणं कधी झालं, कुणी सुरू केलं, कुणी संपवलं. त्यातून असं दिसलं की जवळपास निम्मी संभाषणं मुलंच सुरू करत होती, आणि मुलं पालकांइतकंच बोलत होती. प्रश्न विचारत होती, स्वतःचं मत मांडत होती.

मोठ्या मुलांबाबत डॉलहाइट आणि थॅचर यांचा २००८ चा अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेतल्या अतिशय धार्मिक कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम अशी तिन्ही प्रकारची कुटुंबं त्यात होती. त्यांना संभाषणाचे दोन प्रकार दिसले. एक पालककेंद्री: पालक बोलतात, उपदेश करतात. दुसरा मुलांना केंद्रस्थानी ठेवणारा: मुलगा किंवा मुलगी जास्त बोलते, पालक ऐकतात, आणि विषय मुलांच्या जगण्याशी जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पालक आणि मुलं, दोघांचाही अनुभव जास्त चांगला होता.

पण थांबा. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. ज्या घरात नाती मुळातच मोकळी आहेत तिथे संभाषणही मोकळं होणार. मग कशामुळे काय झालं? इथे मला वाचनाच्या क्षेत्रातला एक प्रयोग आठवतो.

१९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी साधारण दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर महिनाभर एक प्रयोग केला. पालकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला शिकवलं की चित्रांचं पुस्तक वाचताना मुलाला मोकळे प्रश्न विचारा, त्याच्या उत्तरात थोडी भर घाला, हळूहळू त्यालाच गोष्ट सांगू द्या. दुसऱ्या गटाने नेहमीच्या पद्धतीने वाचलं. दोन्ही गटांत वाचनाची वारंवारता सारखी होती. महिन्याच्या शेवटी पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती.

हा प्रयोग मला का आवडतो सांगते. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो, तसा इथे ठेवलेला आहे. "किती वेळा" हे सारखं ठेवून फक्त "कसं" बदललं, आणि परिणाम बदलला. अर्थात हा प्रयोग भाषेबद्दल आहे, श्रद्धेबद्दल नाही. त्यावरून "मोकळे प्रश्न विचारल्याने मुलांची श्रद्धा वाढते" असं लिहिलंत तर मौखिक परीक्षेत परीक्षक तुम्हाला तिथेच अडवतील. एवढं मात्र म्हणता येईल की लहान मुलं पुस्तक ऐकताना गप्प बसण्यापेक्षा बोलायला मिळालं तर जास्त घेतात. शास्त्राचं वाचन हेही शेवटी एका पुस्तकाचं वाचनच आहे.

रोज म्हणजे रोजच का?

अनेक घरांत प्रार्थना सुरू होते आणि दोन आठवड्यांत बंद पडते. एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस ट्रेन उशिरा येते, मग "आता राहू दे, पुढच्या महिन्यापासून" असं होतं. इथे सवयीवरचा एक अभ्यास उपयोगी आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा हा लंडनमधला अभ्यास २०१० साली छापील अंकात आला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी सवय निवडली आणि १२ आठवडे ती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून केली. सवय आपोआप घडू लागायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला निघाला, मधली संख्या ६६. आणि महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर विशेष परिणाम झाला नाही.

आता जरा थांबून आकडेमोड करा. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. मग २५४ दिवस कुठून आले? ते गणिती प्रारूपाने पुढे वाढवून काढलेले आहेत, कुणी २५४ दिवस बसून मोजलेले नाहीत. शिवाय ६६ हा आकडा ज्यांच्या नोंदींना प्रारूप नीट लागू पडलं त्या ३९ जणांवरून आलेला आहे. "सवय लागायला ६६ दिवस लागतात" असं जिथे तिथे ऐकू येतं, त्यामागे एवढं आहे. शोधनिबंध वाचताना सारांशावर थांबू नका, निष्कर्षांचा भाग उघडा, असं मी वारंवार सांगते ते याचसाठी.

तरी घरासाठी दोन गोष्टी घेता येतात. घड्याळातल्या वेळेपेक्षा रोज घडणाऱ्या प्रसंगाला प्रार्थना जोडा: "साडेआठ वाजता" पेक्षा "ताटं उचलल्यावर". आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी शांतपणे बसा. दोष देत बसण्याची गरज नाही.

मग घरी करायचं तरी काय?

खाली दिलेली मिनिटं आणि क्रम ही माझी मांडणी आहे, कोणत्याही अभ्यासाचा निष्कर्ष नाही. वर सांगितलेल्या गोष्टींशी ती जुळते, एवढंच.

१) दहा मिनिटं पुरेत. गीत दोन, वाचन तीन, बोलणं तीन, प्रार्थना दोन. चार वर्षांचं मूल पंचवीस मिनिटं हात जोडून बसलं तर ते उपासनेत असतं असं नाही, ते बऱ्याचदा फक्त बसलेलं असतं.

२) वाचनाचा क्रम ठरवा. "आज काय वाचायचं?" यावर रोज पाच मिनिटं गेली की उत्साह जातो. मार्ककृत शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे आणि त्यात घटना भराभर घडतात. एका वेळी एकच प्रसंग घेतला तर लहान मुलांसोबत दोन-तीन महिने आरामात पुरतं. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, मोठ्या मुलांसोबत तारखेप्रमाणे एकेका अध्यायातली दोन-चार वचनं घेता येतात.

३) वयाप्रमाणे काम द्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गोष्टीतली एखादी वस्तू शोधायला किंवा प्राण्याचा आवाज काढायला सांगा. सात ते अकरा वर्षांच्या मुलाला दोन वचनं वाचू द्या. बारा वर्षांपुढच्या मुलाला आठवड्यातला एक दिवस पूर्ण सोपवा: गीत त्याचं, उतारा त्याचा, प्रश्नही त्याचाच. त्या दिवशी आई-वडिलांनी मुलांच्या जागी बसायचं.

४) उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारा. लूक १५ मधला हरवलेल्या मेंढराचा दाखला घ्या. "मेंढरं किती होती?" याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे, ती परीक्षा झाली. त्याऐवजी असं बोलणं होऊ द्या:

"जी नव्याण्णव मागे राहिली त्यांना काय वाटलं असेल?"
"राग आला असेल."
"का बरं?"
"कारण ती शहाण्यासारखी वागली, तरी त्यांना सोडून तो गेला. ताईला ताप आला की मला पण असंच होतं."

इथे आई-वडिलांना दाखला समजावून सांगायची गरज उरत नाही. मूल आतमध्ये शिरलेलं आहे. आता ऐकायचं.

५) मुलांच्या प्रार्थनेत दुरुस्ती करू नका. सहा वर्षांचा मुलगा शेजारच्या मांजरासाठी प्रार्थना करतो, करू दे. "आमेन" म्हणायचं काम आपलं.

६) जपमाळेच्या घरांतही हे जमतं. ठरलेल्या प्रार्थना तशाच राहतात. पण प्रत्येक दशकाआधी एका मुलाने "हे दशक कुणासाठी?" ते सांगायचं. म्हणायचे शब्द तेच राहतात, पण त्या दिवशी ती प्रार्थना त्या मुलाची होते.

७) कठीण प्रश्न आला की बाकी सगळं थांबवा. आजोबांबद्दलचा प्रश्न आला त्या दिवशीची उपासना म्हणजे तो प्रश्नच होता. "मलाही हा प्रश्न पडतो" असं वडील म्हणू शकले असते. स्तोत्रसंहितेत देवाकडे तक्रार करणारी कितीतरी स्तोत्रं आहेत, १३ वं स्तोत्र वाचून बघा. योहानाच्या ११ व्या अध्यायात लाजाराच्या मरणाने येशू स्वतः रडतो. उत्तर नसलं तरी शास्त्रातही लोक असंच विचारतात, हे त्या मुलीला त्या रात्री दाखवता आलं असतं.

८) किशोरवयीन मूल "मला बसायचं नाही" म्हणालं तर काय? व्हर्न बेंग्टसन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा ग्रंथ इथे आठवतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा १९७० पासून अनेक दशकं, पिढ्यान्‌पिढ्या केलेला हा अभ्यास आहे. श्रद्धा पुढच्या पिढीत टिकण्यात पालकांच्या मायेचा, विशेषतः वडिलांशी असलेल्या जवळिकीचा मोठा वाटा दिसला. पालक धार्मिक असले तरी नातं थंड असेल तर वारसा कमी पोहोचत होता. म्हणजे दहा मिनिटांसाठी रोज भांडण करून नातं मोडत असेल, तर ज्यासाठी हे चाललंय तेच हातचं जातं. "तू नुसता येऊन बस, बोलायची सक्ती नाही" किंवा "आठवड्यातून तीन दिवस ये" असा मधला मार्ग काढता येतो.

आता संशोधकाची टोपी घाला

एकत्र प्रार्थना करणारी कुटुंबं एकत्र टिकतात, असं आपण अनेक ठिकाणी ऐकतो. खरं असेल. पण पुरावा म्हणून बघितलं तर अडचणी आहेत.

पहिली, सहसंबंध आणि कार्यकारणभाव. ज्या घरात आई-वडील दोघेही संध्याकाळी सातला घरी असतात, तिथे प्रार्थनाही होते आणि मुलांशी बोलणंही होतं. विरारहून चर्चगेटला जाऊन रात्री साडेनऊला परतणाऱ्या किंवा शिफ्टमध्ये काम करणाऱ्या घराला ते जमत नाही. मुलांवर परिणाम प्रार्थनेचा झाला की हातात असलेल्या वेळेचा? वेळ हा इथे कन्फाउंडिंग व्हेरिएबल आहे.

दुसरी, लोक सांगतात ते आणि करतात ते. हॅडवे, मार्लर आणि चेव्हज यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या चर्चमधली प्रत्यक्ष हजेरी आणि सर्वेक्षणात सांगितलेली हजेरी ताडून पाहिली. प्रत्यक्ष हजेरी सांगितलेल्याच्या निम्म्याच्या आसपास निघाली. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. "मी चर्चला जाणारा माणूस आहे" हे ते सांगत असतात. घरच्या प्रार्थनेबद्दल विचारलं तर याहून वेगळं काही होईल असं समजू नका.

तिसरी, वर दिलेले जवळपास सगळे अभ्यास पाश्चात्त्य कुटुंबांवरचे आहेत. आपल्याकडे आजी घरात असते, आणि अनेक घरांत प्रार्थना तीच घेते. आई-वडील आणि मुलं एवढ्यावर बेतलेल्या प्रश्नावलीत आजीसाठी रकानाच नसतो.

समजा, तुम्हाला यावर छोटा अभ्यास करायचा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी. आणि त्यांतही वसईचे कॅथलिक, मुंबईचे ईस्ट इंडियन, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडचे मराठी प्रोटेस्टंट अशी खूप विविधता आहे. "महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबं" असा विषय घेऊ नका, तो हातात मावणार नाही. एका गावातली, एका मंडळीतली पंधरा-वीस कुटुंबं घ्या. "प्रार्थना होते का?" ऐवजी "प्रार्थनेच्या वेळी मुलं किती आणि काय बोलतात?" हा प्रश्न घ्या. महिन्याच्या शेवटी आठवून सांगायला लावण्यापेक्षा दोन आठवड्यांची दैनंदिनी द्या. आणि आजीसाठी रकाना ठेवा.

आणखी दोन गोष्टी विसरू नका.

एक, मुलांची संमती. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी असली तरी त्यातला हा नियम आपल्यालाही लागू ठरावा असा आहे: पालकांच्या परवानगीसोबतच ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी सहमती घ्यायची. मूल "नको" म्हणालं तर नको. पाळकसाहेबांनी किंवा फादरनी घरच्यांना सांगितलं म्हणून मूल तुमच्याशी बोलत असेल, तर ती सहमती नाही.

दोन, तुम्ही आतले आहात की बाहेरचे? मी आतली आहे. मला दारं लवकर उघडतील, पण लोक मला तेच सांगतील जे चांगल्या ख्रिस्ती मुलीला सांगायचं असतं. बाहेरच्या संशोधकाला उशीर लागेल, पण तो "हे असंच का?" असं विचारेल, जे मला सुचणारच नाही. दोन्ही बाजूंना मर्यादा आहेत. त्या प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहायच्या असतात.

थोडक्यात

- वारंवारता आणि अर्थ हे वेगळे मोजा.
- मुलांना ऐकणारे समजू नका, दैनंदिन्या सांगतात की ती निम्मं बोलणं सुरू करतात.
- एक दिवस चुकल्याने सवय मोडत नाही.
- एका क्षेत्रातला निष्कर्ष दुसऱ्या क्षेत्रात नेताना "इथे हे सिद्ध झालेलं नाही" असं वाक्य लिहायला शिका.
- ज्याच्यावर अभ्यास करता ते कुणाचं तरी घर आहे आणि तिथे मुलं आहेत, हे शेवटच्या पानापर्यंत विसरू नका.

आज संध्याकाळी तुमच्या घरी प्रार्थना असेल, आरती असेल, नमाज असेल, बुद्धवंदना असेल किंवा नुसतं एकत्र जेवण असेल. एक छोटा गृहपाठ करा. मूल किती वेळा बोललं आणि मोठ्यांनी त्यावर काय केलं, एवढंच नंतर वहीत लिहा. सात दिवस लिहा. पहिला संशोधन-प्रश्न बहुतेक त्या सात पानांतच सापडेल.

पुढच्या लेखात दैनंदिनी पद्धतीने गोळा केलेल्या माहितीचं कोडिंग कसं करायचं ते पाहू. तोपर्यंत अभ्यासाला शुभेच्छा!